राजधानीचे सीमापाषाण

गावाची शीव दाखविणारा दगड दिसावयास अगदी साधा असतो. त्याच्यावर कोरीव काम नसते, त्याच्यापुढे दिवाही लागत नाही. परंतु तो कोणी रातोरात हलविला, तर दुसऱ्या दिवशी दोन गावांत तंटा उभा राहतो; कारण कोणत्या जमिनीवर कोणाची सत्ता चालावयाची, हे त्या मुक्या दगडावरून ठरत असते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने या बलाढ्य राष्ट्राच्या राजधानीची शीवदेखील अशाच दगडांनी आखलेली आहे. वॉशिंग्टन शहराच्या भोवती इ. स. १७९१ व १७९२ या दोन वर्षांत चाळीस सीमापाषाण रोवण्यात आले. सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्यांपैकी बहुतेक आपापल्या जागी अजून उभे आहेत. त्यांची हकीकत मोठी मनोरंजक आहे, आणि विचार करावयास लावणारीही आहे.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ साली इंग्लंडची सत्ता झुगारून दिली. राष्ट्र स्वतंत्र झाले, परंतु त्याला स्वतःची अशी राजधानी नव्हती. लोकप्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, आज एका शहरात तर उद्या दुसऱ्या शहरात भरत असे. १७८३ च्या जून महिन्यात ती फिलाडेल्फिया येथे भरली असता पगार न मिळालेल्या सैनिकांनी सभागृहाला वेढा घातला. ज्या पेनसिल्व्हेनिया संस्थानात ते शहर होते, त्या संस्थानच्या सरकारने आपले शिपाई मदतीस धाडले नाहीत. अखेर काँग्रेसच्या सभासदांना ते शहर सोडून प्रिन्स्टन येथे जावे लागले. राष्ट्राच्या सभेला दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखे राहून चालणार नाही, ही गोष्ट या प्रसंगाने सर्वांच्या मनावर चांगलीच बिंबली.

म्हणून पुढे राज्यघटना तयार झाली, तेव्हा तीत एक तरतूद करण्यात आली. राष्ट्राच्या सरकारसाठी दहा मैल लांब व दहा मैल रुंद यांहून मोठा नाही असा एक प्रदेश राखून ठेवावा, आणि त्यावर कोणत्याही एका संस्थानची सत्ता नसावी, असे ठरले. परंतु हा प्रदेश कोठे असावा? उत्तरेकडील लोकांना तो उत्तरेस हवा होता, दक्षिणेकडील लोकांना दक्षिणेस. पुष्कळ वादविवाद होऊन १६ जुलै १७९० रोजी कायदा झाला, आणि पोटोमॅक नदीच्या काठी नेमकी जागा निवडण्याचे काम राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावर सोपविण्यात आले. वॉशिंग्टन हे तरुणपणी स्वतः मोजणीदार होते आणि त्यांचे घरही त्याच नदीच्या काठी होते. त्यांनी अशी जागा पसंत केली की, तिच्यात नदीच्या एका तीरावरील मेरीलँड संस्थानची व दुसऱ्या तीरावरील व्हर्जिनिया संस्थानची जमीन यावी. दोन्ही संस्थानांनी ती जमीन राष्ट्राला अर्पण केली.

कागदावर चौकोन आखणे सोपे असते. परंतु दाट अरण्य, दलदल, टेकड्या आणि रुंद नदी यांवरून दहा दहा मैलांच्या सरळ रेषा कशा ओढावयाच्या? हे काम त्या काळचे नामांकित मोजणीदार अँड्र्यू एलिकॉट यांच्याकडे देण्यात आले. एलिकॉट यांना एका सहाय्यकाची फार आवश्यकता होती. आकाशातील ग्रहताऱ्यांचे वेध घेणारा, गणितात चूक न करणारा आणि रात्र रात्र जागण्याची तयारी असणारा असा मनुष्य त्यांना पाहिजे होता. त्यांनी ज्या गृहस्थाची निवड केली, तो कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. तो तंबाखूची शेती करणारा एकोणसाठ वर्षांचा शेतकरी होता, आणि त्याचा वर्ण काळा होता. त्याचे नाव बेंजामिन बॅनेकर.

बॅनेकर यांचा जन्म ९ नोव्हेंबर १७३१ रोजी मेरीलँडमध्ये बाल्टिमोरजवळ झाला. त्या काळी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लक्षावधी लोकांना अमेरिकेत गुलाम म्हणून राबविले जात असे. आईबापांपासून मुलांना तोडून बाजारात विकले जाई. बेंजामिनचे वडील एके काळी गुलाम होते. परंतु त्यांना मुक्तता मिळाली होती, आणि आई स्वतंत्र होती. त्यामुळे बेंजामिन जन्मतः स्वतंत्र होता. त्याला शाळा लाभली ती अगदी थोडे दिवस. पुढचे सारे ज्ञान त्याने स्वतःच्या बुद्धीने आणि चिकाटीने संपादन केले. वयाच्या सुमारे बाविसाव्या वर्षी त्याने एक आश्चर्य घडविले. कोणाकडून तरी उसने आणलेले खिशातले घड्याळ त्याने उघडून पाहिले, त्याच्या चाकांचा अभ्यास केला, आणि तशीच चाके मोठ्या आकारात लाकडातून कोरून एक घड्याळ तयार केले, असे सांगतात. ते घड्याळ तासाचे ठोके देत असे, आणि ते अनेक वर्षे बिनचूक चालले. ते पाहण्यासाठी आसपासचे लोक मुद्दाम त्याच्या झोपडीत येत.

बॅनेकर यांच्या शेताजवळच एलिकॉट घराण्यातील लोकांनी पिठाच्या गिरण्या काढल्या. त्या घराण्यातील जॉर्ज एलिकॉट या तरुणाशी बॅनेकर यांचा स्नेह जुळला. जॉर्जने त्यांना ज्योतिषशास्त्राचे काही ग्रंथ, एक दुर्बीण आणि इतर साहित्य वापरावयास दिले. त्या वेळी बॅनेकर यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. त्या वयात लोक विश्रांतीचा विचार करू लागतात. बॅनेकर यांनी मात्र नव्या विद्येचा श्रीगणेशा केला. दिवसा शेत आणि रात्री आकाश, असा त्यांचा क्रम सुरू झाला. लवकरच ग्रहणांची आणि ग्रहांच्या गतींची गणिते ते स्वतः करू लागले. हे जॉर्ज एलिकॉट अँड्र्यू एलिकॉट यांचे आप्तच होते. तेव्हा राजधानीच्या मोजणीसाठी माणूस हवा झाला, त्या वेळी या शेतकरी ज्योतिर्विदाचे नाव पुढे आले, यात नवल नाही.

१७९१ च्या फेब्रुवारी महिन्यात काम सुरू झाले. थंडीचे दिवस होते. अलेक्झांड्रिया गावाच्या दक्षिणेस पोटोमॅक नदीत शिरलेले जमिनीचे एक टोक आहे. त्याला जोन्स पॉइंट म्हणतात. चौकोनाचा पहिला कोपरा तेथे धरावयाचा होता. त्या परिसरात वेधशाळेचा तंबू ठोकण्यात आला. डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचे वेध घेण्याचे एक मोठे यंत्र आणि एक अत्यंत नाजूक लंबकाचे घड्याळ ही या तंबूतील मुख्य साधने होती. घड्याळ क्षणभर जरी मागेपुढे झाले, तरी सारा हिशेब चुकावयाचा. म्हणून सूर्याची निरीक्षणे करून ते वारंवार ताडून पाहावे लागे. रात्री ठराविक तारे माथ्यावरून केव्हा जातात ते टिपावे लागे. हे काम बॅनेकर यांच्याकडे होते. वाढत्या वयाला न मानवणारी थंडी सोसून ते ताऱ्यांच्या नोंदी करीत, आणि उजाडल्यावर अँड्र्यू एलिकॉट त्या नोंदींच्या आधारे जमिनीवर रेषा पुढे नेत.

जमिनीची मोजणी करण्यासाठी आकाशाकडे का पाहावयाचे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे की, होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे तंतोतंत रोखलेली नसते. ती स्थळाप्रमाणे व काळाप्रमाणे थोडी इकडे तिकडे ढळते. प्रारंभी अगदी थोडी चूक झाली, तरी दहा मैलांच्या शेवटी रेषा भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचेल. ताऱ्यांची गती मात्र नियमित असते. त्यांच्या साहाय्याने खरी उत्तर निश्चित करता येते. ती निश्चित झाली की, तिच्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून वायव्येकडे एक रेषा आणि ईशान्येकडे दुसरी रेषा काढावयाची होती. त्यामुळे हा चौकोन नकाशावर एका कोपऱ्यावर उभा राहिल्यासारखा दिसतो. त्याचे चार कोपरे दक्षिण, पश्चिम, उत्तर आणि पूर्व या चार दिशांना आहेत.

१५ एप्रिल १७९१ रोजी जोन्स पॉइंट येथे पहिला पाषाण समारंभपूर्वक बसविण्यात आला. अलेक्झांड्रियातील प्रतिष्ठित नागरिक मिरवणुकीने तेथे गेले. दगडावर धान्य, द्राक्षरस आणि तेल अर्पण करण्यात आले, आणि नव्या राष्ट्राच्या उत्कर्षासाठी प्रार्थना झाली. त्याच महिन्यात बॅनेकर आपल्या शेतावर परत गेले. थंडीतील जागरणांनी त्यांची प्रकृती थकली होती, आणि नांगरणी-पेरणीचे दिवसही आले होते. पुढचे काम अँड्र्यू एलिकॉट यांनी आपल्या भावांच्या व इतर सहाय्यकांच्या मदतीने चालविले. सीमेच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वीस वीस फूट रान तोडून चाळीस फूट रुंदीचा पट्टा मोकळा करण्यात आला. दूरवरून पाहणाराला अरण्यातून एखादा राजमार्गच काढला आहे, असे वाटत असेल.

या रेषेवर प्रत्येक मैलाला एक पाषाण रोवण्यात आला. पाषाण व्हर्जिनियातील अक्विया ओढ्याजवळच्या खाणीतून काढलेले होते. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान व काँग्रेसचे सभागृह यांच्या बांधकामातही याच खाणींचा वालुकाश्म वापरलेला आहे. प्रत्येक पाषाण सुमारे एक फूट चौरस असून त्याचा माथा निमुळता घडविलेला होता. राजधानीकडे तोंड असलेल्या बाजूवर ही संयुक्त संस्थानांच्या अधिकाराची हद्द असल्याचे शब्द आणि मैलाचा आकडा कोरला होता. विरुद्ध बाजूवर व्हर्जिनिया किंवा मेरीलँड हे नाव, तिसऱ्या बाजूवर वर्ष आणि चौथ्या बाजूवर त्या ठिकाणी होकायंत्राची सुई किती ढळते तो आकडा होता. एखादा मैल ओढ्यात किंवा दलदलीत संपत असेल, तर पाषाण जवळच्या पक्क्या जमिनीवर बसवीत, आणि खरे अंतर किती ते त्याच्यावर कोरीत. दगडानेही खोटे बोलू नये, इतकी काळजी त्या मोजणीदारांनी घेतली होती.

व्हर्जिनियाच्या बाजूचे चौदा पाषाण १७९१ मध्ये आणि मेरीलँडच्या बाजूचे सव्वीस पाषाण १७९२ मध्ये बसले. १ जानेवारी १७९३ रोजी अँड्र्यू एलिकॉट यांनी काम पुरे झाल्याचे अधिकाऱ्यांना कळविले. जवळजवळ शंभर वर्षांनी नव्या साधनांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा चौकोनाच्या चारही बाजू दहा मैलांहून किंचित लांब भरल्या. परंतु सर्वांत मोठी तफावतही तीनशे फुटांच्या आतच होती. अरण्यातून साखळीने मोजलेल्या दहा मैलांत एवढीच चूक राहावी, ही त्या काळी थोडी गोष्ट नव्हती.

शेतावर परतलेले बॅनेकर मात्र स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी १७९२ सालासाठी एक पंचांग तयार केले. त्यात सूर्य, चंद्र व ग्रह यांची गणिते होती. १९ ऑगस्ट १७९१ रोजी त्यांनी त्या पंचांगाची हस्तलिखित प्रत टॉमस जेफर्सन यांच्याकडे पाठविली आणि सोबत एक दीर्घ पत्र लिहिले. जेफर्सन हे त्या वेळी राष्ट्राचे परराष्ट्रमंत्री होते. सर्व माणसे समान आहेत, हे तत्त्व ज्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सांगितले आहे, त्याचे ते लेखक होते. आणि ते स्वतः अनेक गुलामांचे मालकही होते. बॅनेकर यांनी नम्र परंतु निर्भय शब्दांत त्यांना या दोन गोष्टींची आठवण करून दिली. परसत्तेच्या जुलमाचा ज्यांना इतका तिटकारा होता, त्यांनीच आपल्या बांधवांना बळाने दास्यात ठेवावे, हे कसे, असा त्यांचा प्रश्न होता.

जेफर्सन यांनी ३० ऑगस्ट रोजी सौजन्याने उत्तर दिले. काळ्या लोकांचीही बुद्धी इतरांसारखीच असते, याची अशी प्रमाणे पाहण्याची आपणांस इच्छा आहे, असे त्यांनी लिहिले, आणि ते पंचांग पॅरिस येथील विज्ञान अकादमीचे चिटणीस कोंदोर्से यांच्याकडे धाडल्याचे कळविले. पुढे १८०९ मध्ये एका खाजगी पत्रात मात्र त्यांनी बॅनेकर यांच्या बुद्धिमत्तेविषयी शंका व्यक्त केली. त्यांच्या मळ्यावरील बहुसंख्य गुलाम अखेरपर्यंत गुलामच राहिले. बॅनेकर यांची पंचांगे १७९७ पर्यंत दरवर्षी प्रसिद्ध होत राहिली. १८०६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या दफनाच्या दिवशीच त्यांच्या झोपडीला आग लागली, आणि ते लाकडी घड्याळ व त्यांचे बहुतेक कागद जळून गेले.

अशा रीतीने एका काळ्या ज्योतिर्विदाच्या सहाय्याने ज्या राजधानीची शीव आखली गेली, त्याच राजधानीत पुढे कित्येक वर्षे काळी माणसे विकली जात होती. कालांतराने त्या शिवेचा अर्थ पालटू लागला. १८४६ साली काँग्रेसने कायदा केला, आणि पोटोमॅकच्या पश्चिमेकडील भाग पुढील वर्षी व्हर्जिनियाला परत गेला. मूळ शंभर चौरस मैलांपैकी सुमारे अडुसष्ट चौरस मैल उरले. व्हर्जिनियाच्या बाजूचे पाषाण यामुळे जागच्या जागीच राहून निरर्थक झाले. अलेक्झांड्रिया हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. १८५० मध्ये राजधानीत हा व्यापार बंद करण्यात आला, तेव्हा अलेक्झांड्रिया राजधानीच्या कक्षेबाहेर असल्यामुळे तेथील बाजार तसाच चालू राहिला.

१६ एप्रिल १८६२ रोजी राजधानीच्या प्रदेशातील सर्व गुलामांना कायद्याने मुक्त करण्यात आले. शेजारच्या मेरीलँडमध्ये गुलामगिरी संपली ती १ नोव्हेंबर १८६४ रोजी. म्हणजे मधली अडीच वर्षे त्या जुन्या पाषाणांच्या एका बाजूस कोणी कोणाचा गुलाम नव्हता, आणि दुसऱ्या बाजूस मनुष्य मनुष्याच्या मालकीचा होता. एका फुटाच्या दगडाच्या अलीकडे स्वातंत्र्य आणि पलीकडे दास्य! सत्तर वर्षांपूर्वी कडाक्याच्या थंडीत ताऱ्यांकडे पाहत जागलेल्या त्या वृद्ध शेतकऱ्याला आपल्या श्रमांचा हा परिणाम पाहावयास मिळाला नाही.

दरम्यान हे पाषाण लोकांच्या विस्मृतीत गेले होते. रान वाढले, पाण्याने माती वाहून गेली, शेतकऱ्यांच्या नांगरांनी आणि गाड्यांनी त्यांना धक्के दिले. वालुकाश्म मऊ असल्यामुळे त्यांवरील अक्षरे झिजली. स्मरणवस्तू म्हणून त्यांचे टवके काढून नेणारेही काही कमी नव्हते. जोन्स पॉइंट येथील पहिला पाषाण तर दीपगृहाजवळील तटाच्या बांधकामात दडून गेला. तो १९१२ मध्ये पुन्हा प्रकाशात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेड वुडवर्ड नावाच्या एका इतिहासप्रेमी गृहस्थाने पायी हिंडून एकेक पाषाण शोधून काढला, त्यांची छायाचित्रे घेतली, आणि त्यांना लोखंडी कुंपण घालावे, असे सुचविले. १९१५ पासून अमेरिकन क्रांतीतील वीरांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेने हे काम अंगावर घेतले. संस्थेच्या निरनिराळ्या शाखांनी एकेक पाषाण वाटून घेतला, त्याच्याभोवती कुंपण उभारले आणि त्याची निगा राखण्याचे व्रत पत्करले.

आज मूळच्या चाळिसांपैकी छत्तीस पाषाण जागेवर किंवा जागेच्या अगदी जवळ आहेत. कोणी स्मशानभूमीत आहे, कोणी जलाशयाच्या आवारात, कोणी एखाद्या घराच्या अंगणात, तर कोणी वाहत्या रस्त्याच्या कडेला. त्यांपैकी नैर्ऋत्य बाजूच्या रेषेवरील नववा पाषाण बॅनेकर यांच्या नावाने ओळखला जातो. १९७६ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला. जवळच्या उद्यानालाही बॅनेकर यांचेच नाव आहे. मेरीलँडच्या बाजूची रेषा तर अजूनही राजधानीची खरीखुरी सीमा आहे. तिच्या आत राहणाऱ्या नागरिकांना राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकार १९६१ साली मिळाला. परंतु काँग्रेसमध्ये मत देणारा स्वतःचा प्रतिनिधी पाठविण्याचा अधिकार त्यांना नाही. तो दगडापलीकडच्या शेजाऱ्याला आहे.

वॉशिंग्टन शहरात भव्य घुमट आहेत, उंच स्तंभ आहेत, संगमरवरी पुतळे आहेत. जगाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे प्रवासी ते पाहून जातात. गंजलेल्या कुंपणातील झिजलेल्या दगडाकडे फारसे कोणी वळत नाही. तरीसुद्धा हे दगड त्या सर्व इमारतींहून जुने आहेत; घुमट व पुतळे उभे राहण्यापूर्वी राजधानीची भूमी कोणती, हे त्यांनी सांगितले. ती भूमी मोजण्यास ज्याने हातभार लावला, त्याच्याच बांधवांना तिच्यावर मोकळेपणाने उभे राहण्यासाठी आणखी एकाहत्तर वर्षे वाट पाहावी लागली. राजधानीची शीव आखण्याचे काम दोन वर्षांत पुरे झाले. तिच्या आतील माणसांना माणूस मानण्याचे काम त्याहून कितीतरी कठीण ठरले.

अभ्यास

१. राष्ट्राची राजधानी कोणत्याही एका संस्थानच्या सत्तेखाली नसावी, असे अमेरिकेतील लोकांना का वाटले?

२. जमिनीवर सरळ रेषा काढण्यासाठी ताऱ्यांचे वेध का घ्यावे लागले, ते स्पष्ट करा.

३. बॅनेकर यांची चिकाटी आणि निर्भयपणा दाखविणारा प्रत्येकी एक प्रसंग आपल्या शब्दांत लिहा.

४. प्रत्येक सीमापाषाणाच्या चार बाजूंवर काय काय कोरलेले होते? त्याची आकृती काढा.

५. ‘एका फुटाच्या दगडाच्या अलीकडे स्वातंत्र्य आणि पलीकडे दास्य!’ हे वाक्य पाठात कोणत्या संदर्भात आले आहे?

६. वाक्यांत उपयोग करा : श्रीगणेशा करणे, मनावर बिंबणे, अंगावर घेणे, हातभार लावणे.